मानपत्र माझ्या अक्षरात

प्लेग यायच्या वर्षभर आधीची गोष्ट. कॉलेजाने आपल्याच एका पदवीधराला व्हाइस प्रिन्सिपॉल नेमले आणि गिरगावात आमच्या वाडीत पेढे वाटले गेले. त्या जागेवर तोवर गोरे साहेबच बसत. माझ्याही हातावर पेढा पडला. मी तो गाईला घातला.

हा गृहस्थ माझा वर्गबंधू, राहणारा आमच्याच वाडीतला. आम्ही बी. ए. झालो त्या वर्षी प्रिन्सिपॉलसाहेबांनी दोघांना बंगल्यावर चहाला बोलावले. कॉलेजात शिकवणाऱ्या फेलोची एक जागा रिकामी होती आणि ती आमच्यापैकी एकाला मिळणार होती. साहेबाघरचे खाणेपिणे तेव्हा धर्मबाह्य, तरी चहा दोघेही प्यालो. त्याने तर वर दोन बिस्किटेही खाल्ली. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या शास्त्रीबुवांच्या कानावर गेले ते फक्त माझे नाव. मेजावर आम्हा दोघांखेरीज वाडीतले कोणी नव्हते, तेव्हा चहाडी कोणाची हे मला कळायला वेळ लागला नाही. मी मात्र त्याचे नाव घेतले नाही. मैत्री आडवी आली. मूर्ख होतो.

वाडीने पंगतीतले आमचे पान बंद केले. प्रायश्चित्त म्हणून शास्त्रीबुवांनी समोर उभे राहून माझी मिशी उतरवली, आपल्या हाताने पंचगव्य पाजले. धाकट्या बहिणीचे ठरलेले लग्न मोडले. पुढे ती चाळिशीच्या बिजवराला द्यावी लागली. हे मी कधीच विसरलो नाही. या सगळ्यात महिनाभर कॉलेजाकडे फिरकता आले नाही, आणि फेलोची जागा त्याला गेली. मी शाळामास्तर झालो.

आता वाडीने त्याचा सत्कार ठरवला, तेव्हा तो हसत माझ्या बिऱ्हाडी आला.

"तुझ्यासारखं अक्षर वाडीत कोणाचं आहे रे? मानपत्र तूच लिही."

"लिहितो की," मी म्हणालो. इतक्या आनंदाने मी आयुष्यात दुसरे काही लिहिले नसेल.

एकही वाकडा शब्द घातला नाही. नुसती स्तुती केली. मधोमध एक वाक्य टाकले: आपण बी. ए. होताच प्रिन्सिपॉलसाहेबांच्या मेजावर चहा-बिस्किटे घेऊन जुन्या रूढींच्या बेड्या तोडल्या. सभेत त्याच्या शेजारी साहेब बसणार होते, समोर शास्त्रीबुवा. नाही म्हणाला तर साहेब दुखावणार, हो म्हणाला तर वाडी वाळीत टाकणार. त्याची उतरलेली मिशी मला आधीच दिसू लागली होती.

मानपत्र मीच वाचले. त्या वाक्यापाशी मुद्दाम थांबलो. साहेबांना मराठी समजत असे. ते मान डोलवून हसले. हा पांढराफटक पडला. सगळी सभा शास्त्रीबुवांकडे वळली.

शास्त्रीबुवांनी घसा खाकरला. "मोठ्या जागेवरच्या माणसाला एवढं तेवढं करावं लागतं," ते म्हणाले आणि टाळ्या वाजवू लागले. त्यांचे दोन नातू त्या साली कॉलेजात जायचे होते. मग सगळ्या वाडीने टाळ्या वाजवल्या.

मला पंचगव्य पाजणाऱ्या हातांनी त्याच्या गळ्यात हार घातला, अत्तर लावले. त्याने अत्तराचे बोट सावकाश मिशीवरून फिरवले आणि माझ्याकडे पाहिले.

ते मानपत्र आता चौकटीत घालून त्याच्या कॉलेजातल्या खोलीत लावलेले आहे. अक्षर कोणाचे म्हणून कोणी विचारले की तो माझे नाव सांगतो. पूर्वी शास्त्रीबुवांना सांगितले होते, तसेच.