पंचाच्या पापण्या

डोळा मारायचं माझं वय कधीच सरलंय, हे आधीच सांगून टाकतो. तरी त्या कबड्डीच्या मोसमात कर्जत-खालापुरातल्या निम्म्या गावांना मी डोळा मारला. चहावाल्याला मारला, सरपंचबाईंना मारला. बाईंनी पदर सावरून मान फिरवली.

झालं होतं असं. वर्षभर मन कशातच लागेना, म्हणून डॉक्टरांनी उदासीवरच्या गोळ्या दिल्या. मन ताळ्यावर आलं, पण पापण्या फडफडायला लागल्या. मधेच गच्च मिटायच्या. उजवी आधी, मग डावी. पुरुषाचा उजवा डोळा लवला की शुभ, असं बायकोनं जाहीर केलं आणि तरीही लवणं थांबावं म्हणून पापणीवर गवताची काडी चिकटवली. डॉक्टर म्हणाले, "या गोळ्यांनी क्वचित कुणाच्या पापण्या अशा आखडतात, असं संशोधनात नोंदलंय. डोस हळूहळू बदलू. मनानं बंद करू नका." काडीबद्दल ते काही बोलले नाहीत.

गोळ्यांचं मी बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. पेशानं शाळामास्तर, वीस वर्षं कबड्डीचा पंच. लोक वेडा म्हणतील, ही धास्ती.

लोधिवलीच्या मैदानात अंतिम सामना, गुण बरोबरीत, शेवटची चढाई. चढाईवाला बोनस रेषेपाशी पाय टाकायला आणि माझ्या पापण्या मिटायला एकच गाठ. मी न बघताच गुण देऊन मोकळा झालो.

"डोळा मारला त्याला! पंच मॅनेज हाय!" समोरच्या संघाचा कप्तान अंगावर आला. "गुरुजी, तुमी पन?"

डोक्यात तिडीकच गेली. वीस वर्षांत कुणाचा फुकट चहा प्यायलो नाही मी! लबाड ठरायचं की वेडा, एवढंच उरलं होतं. तरातरा जाऊन माईक हिसकावला. "उदासीवरच्या गोळ्या घेतो मी. त्यानं पापण्या मिटतात. पाय मला दिसला नाही. चढाई परत होईल. कुणाला काय बोलायचंय?"

मग मागून एक म्हातारा ओरडला, "आरं, मग शिट्टी दुसऱ्याकडं द्या की!" हशा पिकला. मी शिट्टी दुसऱ्या पंचाच्या हातात दिली.

सामना संपल्यावर गाडीपाशी तोच कप्तान आला. आवाज अगदी खाली. "गुरुजी, तो डाक्टर कुठं बसतो? भावासाठी इचारतो. झोपत नाय, जेवत नाय, कुनाशी बोलत नाय."

हा आईबापांचा एकुलता एक, माझ्याच शाळेत शिकलेला.

"मंगळवारी भावाला कर्जतला आण. मी येतो बरोबर."

"भाऊ लाजतो, गुरुजी."

"मीपण लाजलो रं. वर्ष वाया घालवलं, सांग त्याला."