बेल उचललेला हवालदार

येसाजी हवालदार पोथीचा अर्थ सांगायला बसले की मंडपातून माणूस उठत नसे. दत्तात्रय वाचायचा, हवालदार उलगडून सांगायचे. पलटणीत बावीस वर्षं काढलेली, मिशा पांढऱ्या, आवाज अजून परेडचा. भर सभेत सुनेची विटंबना झाली आणि भीष्म खाली मान घालून बसला, हे आलं की बायका चुळबुळायच्या. हवालदार हात वर करून गप्प करायचे. "शब्दानं बांधलेला माणूस त्यो. गादीचं मीठ खाल्लेला. तुमास्नी न्हाई कळायचं."

चौऱ्याऐंशीच्या श्रावणात तेच पान यायच्या दिवशी हवालदारांनी भाकरीचं ताट तसंच सारलं.

कारण वर्षापूर्वीचं. जुनं गाव सुप्याच्या धरणाच्या पाण्यात जाणार होतं. बदल्यात सरकारनं वसवलेल्या रामनगरात घरांच्या जागा मिळणार, त्याही मोजक्या. डोंगरउतारावर नाचणी पेरणारी कुणबी घरं चार पिढ्या गावातच होती, पण त्यांच्याकडे कागद नव्हता. खातेदारांचा पुढारी परशू यानं सगळ्या खातेदारांना देवळात नेलं आणि एकेकाला बेल उचलायला लावला: कागद नसलेल्याचं नाव कुणी घ्यायचं नाही. हवालदारांनीही बेल उचलला. देवापुढं दिलेला शब्द!

दुसऱ्या दिवशी जागांची यादी करायला साहेब आला. भला माणूस निघाला. "कागद नसला तरी चालेल," कानडीत म्हणाला, "गावातल्या मोठ्या माणसानं ओळख दिली की नाव लिहितो." कुणब्यांच्या फुलाकडं बोट दाखवून त्यानं हवालदारांना विचारलं, "अज्जा, ही या गावची का?"

हवालदार काठीनं माती उकरत राहिले.

"बोला की अज्जा," फुला म्हणाली. "आमी हितल्या हाय का न्हाई, येवढंच सांगा."

काठी माती उकरतच होती.

"माझ्या सासूनं तुमच्या तिन्ही पोरांची नाळ कापली. ती काय खानापुरास्नं चालत यायची व्हय?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. साहेब फुलाचं नाव न लिहिताच पुढच्या नावाकडं वळला. तेव्हापासून फुला आणि तिचा नवरा कान्हू रामनगरच्या कडेला झोपडं घालून होते, आज उठवतील की उद्या, या भीतीत.

आणि आज फुला मंडपात आली. सगळ्यांच्या पुढं, पाय दुमडून बसली. दत्तात्रयानं सभेचं वर्णन वाचलं आणि अर्थासाठी थांबला. हवालदारांनी हात वर केला, आणि फुलाकडं बघत तो तसाच धरला.

"सांगा की हवालदार," परशू म्हणाला. "शब्दानं बांधलेला हुता."

आपलंच वाक्य परशूच्या तोंडून ऐकलं आणि हवालदारांनी वर केलेला हात खाली घेतला.

"शब्दबिब्द काय न्हाई," ते म्हणाले. "धाकट्या पोराला येगळी जागा पायजे हुती."

बायकांतली सावित्रीअक्का गोंधळली. "भीष्माला कुठलं आलं पोरगं? त्यो तर ब्रह्मचारी!"

मंडप हसला. हवालदार हसले नाहीत. "मी माझं सांगतोय, अक्का. परशूनं बेल हातात दिला तवा मला बरंच वाटलं. गप बसायला देवाचं कारण मिळालं."

फुला उठली. "हे हितं मराठीत कशाला सांगताय? तितं सायबाला कानडीत सांगायचं हुतं. आता म्हणत्यात जागाच उरली न्हाई."

"धाकट्याची हाय. अजून माझ्याच नावावर हाय."

"बाबा!" धाकटा नागू मागून ओरडला. त्या जागेवर त्याचा पाया भरून झाला होता.

हवालदारांनी लेकाकडं पाहिलं, आणि पुन्हा मान खाली गेली. पण या वेळी ते उठले. दुपारच्या गाडीनं फुलाला घेऊन जोयड्याला तालुका कचेरीत गेले. कचेरीतल्या कारकुनानं विचारलं, "मागं का बोलला नाहीत? काय कारण लिहू?" ज्याच्या बावीस वर्षांच्या चोख नोकरीचं गाव कौतुक करायचं, त्या माणसानं सांगितलं, "लबाडी केली, असं लिवा." सही करून कागद त्याच्यापुढं सरकवला.

चकरा मारमारून जागा फुलाच्या नावावर झाली. नागूनं बापाशी बोलणं सोडलं. बेल मोडला म्हणून परशूनं हवालदारांना मंडपात येऊ दिलं नाही. यायला हवालदारांना तोंड तरी कुठं होतं.

फुलानं नव्या घराच्या जेवणाला सगळी आळी बोलावली. हवालदारांना बोलावणं आलं नाही. थोरली सून चिडली: "जागा दिली ती दिली, वर हा अपमान!"

"बरोबर केलं तिनं," येसाजी म्हणाले, आणि फुलाच्या दारावरून जावं लागू नये म्हणून मागच्या वाटेनं शेताकडं गेले.