आधी माझी हरकत

“आधी माझी हरकत लिवा. मग तुमचं काय ते चालू दे.”

एवढं बोलायला ते उभे राहत. उठण्याआधी डोक्यावरची टोपी काढून शेजारच्या माणसाच्या मांडीवर ठेवत. तो बिचारा बोलणं संपेपर्यंत ती दोन्ही हातांनी धरून बसे. मग ते माझ्याकडं बघत, माझ्या लेखणीचं टोपण उघडलं आहे ना याची खात्री करत आणि सावकाश सांगत, “हे अध्यक्ष मला मान्य नाहीत.”

ते अध्यक्ष म्हणजे मी. आणि हरकत लिहून घेणाराही मीच, कारण आमच्या बांध समितीत भरभर लिहिता येणारा दुसरा कुणी नव्हता. स्वतःच्या विरोधातलं वाक्य महिन्यातून एकदा स्वतःच्या हातानं लिहायचं आणि वाचून दाखवायचं, हा प्रसंग तुमच्यापैकी फार थोड्यांवर आला असेल. मी लिहीत असताना ते वाकून पाहत. एकदा ‘नाहीत’मधला ‘त’ राहिला, तर म्हणाले, “मास्तर, ‘त’ लिवा. मानसाचा मान ठेवूनच हरकत घ्यायची हाय मला.”

आमची वाडी वटारच्या पलीकडं, खाडीला लागून. पश्चिमेला केळीच्या नि पानाच्या बागा, आणि खाडीच्या बाजूला भातखाचरं. ही खाचरं म्हणजे समुद्राकडून बांध घालून मिळवलेली जमीन. बांधात एक लाकडी दार होतं, त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला ती उघडून पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, भरतीच्या आधी बंद करायची. यात एक दिवस चूक झाली तर खारं पाणी आत येई आणि जमीन दोन-तीन वर्षं भात देत नसे. म्हणून नऊ जणांची समिती होती. वाडीत दोन आळ्या, वरची आणि खालची. लग्नाकार्यात सगळे एकत्र जेवत. पण समितीचा विषय निघाला की दोन तट पडत. मी वरच्या आळीतला. हरकत घेणारे ते खालच्या आळीचे पुढारी, वयानं माझ्या वडिलांएवढे. मी त्यांना काका म्हणायचो.

जुने अध्यक्ष वारले, तेव्हा खालच्या आळीनं काकांना उभं केलं आणि आमच्या आळीनं मला. मी तिशीचा, शाळेत मास्तर. सभा माझ्याच शाळेच्या पडवीत, दुपारी चार वाजता ठरली होती. चार वाजले तेव्हा आठ सभासद हजर होते. नववा खालच्या आळीचा, कानानं जरा कमी. काका म्हणाले, “थांबा थोडं.” मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट दाखवून म्हटलं, “वेळ म्हणजे वेळ. मुलांना आम्ही हेच शिकवतो.” मतं पडली चार आणि चार. तिऱ्हाईत म्हणून शेजारच्या गावातल्या चर्चच्या फादरना बोलावलं होतं. त्यांनी डोळे मिटून चिठ्ठी उचलली. तिच्यावर माझं नाव होतं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना नववा सभासद आला. डोक्याला तेल, धुतलेलं धोतर, चेहऱ्यावर आपण लवकर पोचल्याचं समाधान. त्याला वाटत होतं, सभा पाचला आहे. झालेला प्रकार समजला तेव्हा तो उभ्या जागी मटकन बसला. त्याच्याच आळीतली माणसं त्याच्यावर तुटून पडली. “बहिऱ्या, चारचे पाच ऐकलेस!” तो आपले कान चाचपत नुसता बसून राहिला.

त्याला बोलले नाहीत ते एकटे काका. त्यांनी त्याला हाताला धरून उठवलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, “नऊ मानसं बसल्याशिवाय अध्यक्ष होत नाय. माझी हरकत लिवा.”

ती पहिली हरकत.

देशाचं गणराज्य झालं ते त्याच दिवसांत. शाळेत आम्ही झेंडा लावला, राष्ट्रपतींचा फोटो लावला, मुलांना खाऊ वाटला. काका आले होते. फोटोसमोर उभे राहून त्यांनी रीतसर हात जोडले. मी गमतीनं विचारलं, “काका, हे अध्यक्ष तरी मान्य ना?”

“दिल्लीचा मान्य,” ते म्हणाले. “आपला नाय.”

तुम्ही म्हणाल, असा माणूस म्हणजे कामात खोडा. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं. पण हरकत लिहून झाली की ते टोपी परत घेत, खाली बसत, आणि सगळ्यांत जास्त काम तेच करत. कुठं बांधाला खेकड्यांनी भोकं पाडली आहेत, उघाडीची कुठली फळी कुजली आहे, हे त्यांना तोंडपाठ. फक्त माझा हुकूम म्हणून काही करत नसत. त्यामुळं मी हुकूम सोडणंच बंद केलं. “उघाडीची फळी बदलायला हवी असं वाटतं,” असं मी हवेकडं बघून म्हणायचो. ते शेजाऱ्याला म्हणायचे, “कुनाला तरी वाटतंय फळी बदलावी. बरोबर वाटतंय.” दुसऱ्या दिवशी फळी बदललेली असे.

एकदा ते तापानं आजारी होते. सभा सुरू होणार तेवढ्यात त्यांची सून धापा टाकत आली. “मामंजींनी सांगितलंय, येता येत नाय, पन हरकत लिवून घ्या.” सगळे हसले. मी लिहून घेतली. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन वहीही दाखवली. घोंगडीतून हात काढून त्यांनी ते वाक्य बोटानं वाचलं आणि सुनेला म्हणाले, “मास्तरांना चा दे.” सभेत ते मला अहोजाहो करत. घरी मात्र म्हणाले, “बस रे जरा.”

त्याच वर्षी श्रावणातल्या पौर्णिमेला, दुपारच्या भरतीत, बांध फुटला. खिंडार पडलं ते वरच्या आळीच्या खाचरांकडं. लावणी होऊन महिना झालेला, भात गुडघ्याला आलेलं. मी चिखलातून धावत खालच्या आळीत गेलो आणि ओरडलो, “समितीचा अध्यक्ष म्हणून सांगतो, सगळ्यांनी बांधावर चला!”

माणसं दारात उभी होती, पण कुणी हलेना. एकजण तर बोललाच, “कुठला अध्यक्ष? आम्हाला नाय ठाऊक.” इतके महिने ज्यांनी हरकत घेतली त्यांच्या आळीत मी अध्यक्षपण सांगायला आलो होतो.

काका पडवीतून उतरले. टोपी काढून त्यांनी दाराच्या खुंटीला अडकवली, घमेलं उचललं आणि एवढंच बोलले, “अध्यक्षानं बोलावलं म्हनून कोनी येऊ नका. पानी आलंय म्हनून चला.”

वीस-बावीस माणसं निघाली. त्या दिवशी काका छातीएवढ्या पाण्यात उभे होते. तिवरांच्या फांद्या, माडाचे ओंडके, मातीनं भरलेली पोती, हाताला लागेल ते खिंडारात जात होतं. ते मला ओरडून सांगत होते, “पोतं आडवं टाक रे, उभं नको!” आणि मी त्यांचं ऐकत होतो. भरती उतरली तेव्हा खिंडार बुजलं होतं. पंधरा-वीस खाचरं गेली, पण बाकीची वाचली. माझी चारही वाचली. त्या वर्षी आमच्या घरी जो भात शिजला तो त्यांच्यामुळं, हे मी माझ्या मुलांना कितीदा सांगितलं आहे.

पुढच्याच सभेत ते उभे राहिले. मला वाटलं, आता तरी. “आधी माझी हरकत लिवा,” ते म्हणाले. सगळे हसले आणि हसण्यात मीही होतो. आता ती हरकत मला टोचत नव्हती. वाडीत सगळे मला अध्यक्ष म्हणू लागले होते, अगदी खालच्या आळीतलेसुद्धा.

फाल्गुनात माझ्या थोरल्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न झालं. मी त्याला दादा म्हणायचो. लहानपणी त्यानंच मला पोहायला शिकवलं होतं. पंगती उठल्यावर मांडवात विडा चघळत तो माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, “बांध तू राखलास, पण तुला अध्यक्ष कोणी केलं, माहीत आहे?”

“चिठ्ठीनं,” मी म्हणालो.

“कसली चिठ्ठी! बहिऱ्याला निरोप द्यायचं काम माझ्याकडं होतं. मी त्याला मुद्दाम पाच सांगितलं.” आणि तो मोठ्यानं हसला.

मला हसू आलं नाही. मला डोक्याला तेल लावून आलेला तो माणूस दिसला, आपले कान चाचपणारा. वर्षभर लोक त्याला येताजाता टोमणे मारत होते.

तुमच्यापासून काय लपवू? मी दहा दिवस गप्प बसलो. दादाचं नाव जाईल, नुकती सासरी गेलेली पुतणी तिथं मान खाली घालेल, आमची आळी मला घरात घेणार नाही, असं सगळं मनात आणलं. बांध तर नीट चालला आहे, मग आता उकरून काढून कुणाचं भलं होणार, असंही स्वतःला समजावलं. जवळजवळ पटलंही होतं.

मग सभेचा दिवस आला. काका उठले. टोपी शेजाऱ्याच्या मांडीवर ठेवली. मी टोपण उघडून बसलो होतो. पण ते नेहमीचं वाक्य बोलले नाहीत. घसा खाकरून म्हणाले, “मास्तर, आज नवीन लिवा. मानसानं वरीसभर काम नीट केलं, खाचरं राखली. माझी हरकत मी मागं घेतो.”

खालच्या आळीतल्या एकानं टाळी वाजवली. मी लेखणी खाली ठेवली. वर्षभर ज्या शब्दांची वाट पाहिली, ते आले होते, आणि मला ते घेता येत नव्हते.

“काका,” मी म्हणालो, “हरकत मागं घेऊ नका. ती खरी आहे.”

मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं. निरोप चुकीचा दिला गेला होता. यांनी चारचे पाच ऐकले नव्हते. यांना पाचच सांगितलं होतं. मी नवव्या सभासदाजवळ जाऊन त्याच्या कानाशी हे पुन्हा मोठ्यानं सांगितलं. तो म्हणाला, “म्हंजे मी नीट ऐकलं होतं?” आणि त्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

“कोन बोलला त्याला?” कुणीतरी ओरडलं. “नाव सांगा!”

आमच्या आळीतले बाकीचे तिघे सभासद खाली बघत होते. दादाही त्यांतच होता. मी म्हणालो, “माझ्याच घरचं माणूस आहे. मी...”

“पुरे,” काका मध्येच बोलले. “नाव लिवू नका. त्या घरची पोर आत्ताच सासरी गेलीय.”

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. सभेनंतर मी त्यांना गाठून विचारलं, “इतके दिवस बोलला का नाहीत?”

“अंदाज होता, साक्ष नव्हती,” ते म्हणाले. “साक्षीशिवाय मानसाचं नाव घेऊ नये. हरकत घ्यावी, तेवढी आपल्या हातात हाय.” त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “आज तू कठीन काम केलंस रे.”

मी त्याच सभेत राजीनामा दिला होता. आठ दिवसांनी पुन्हा सभा भरली. नऊच्या नऊ हजर. हात वर झाले पाच आणि चार. काका अध्यक्ष झाले, मी पडलो.

आणि मग आमच्या आळीची पाळी आली. एकजण म्हणाला, एकदा चिठ्ठी निघाली ती निघाली. दुसरा म्हणाला, आम्ही हे अध्यक्ष मानत नाही. मला कोपरानं ढोसत होते, “बोल ना, तू बोल.” दादा तर माझ्याकडं अशा नजरेनं बघत होता की आजही आठवलं तरी बरं वाटत नाही. काका खुर्चीत अवघडून बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “कुनाची हरकत असंल तर सांगा. मी लिवून घेईन. मला वेळ लागंल, पन लिवीन.”

मी उभा राहिलो आणि म्हणालो, “अध्यक्षसाहेब, पुढचा विषय घ्या.”

त्यांनी दोनदा मान हलवली. मग वही माझ्याकडं सरकवली, कारण भरभर लिहिता येणारा अजूनही मीच होतो.

दादा पाच वर्षं माझ्याशी बोलला नाही. ते दुखलं. पण त्या सभेनंतर वर्गात मुलांसमोर उभं राहताना मला कधी नजर चोरावी लागली नाही. हे मी माझ्या बळावर केलं असं म्हणणं खोटं होईल. महिन्यामागून महिने एक म्हातारा माझ्यासमोर उभा राहून, राग न करता, मान राखून, मला नाही म्हणत होता. त्याच्यासमोर खोट्या खुर्चीत बसणं मला जमलं नाही, एवढंच.

शेवटच्या दोन वर्षांत काकांना दिसेनासं झालं. शाळा सुटल्यावर मी त्यांच्या ओटीवर जाऊन पेपर वाचून दाखवायचो. तेव्हा निवडणुकांचे दिवस होते. मी जिंकलेल्यांची नावं वाचायला लागलो की ते हात वर करत. “ते कळंल सगळ्यांना. हरलेले काय म्हनाले, ते वाच.” मी कोपऱ्यातल्या दोन ओळी शोधून वाचायचो. ते लक्ष देऊन ऐकत. कधी म्हणत, “नीट बोलला.” कधी म्हणत, “हा रडतोय नुसता.”

एके दिवशी मी पेपर घेऊन गेलो, तर ओटीवर माणसं जमली होती. दोन्ही आळ्यांतली. दादा तिरडीचे बांबू तासत बसला होता. सून दाराशी आली आणि म्हणाली, “सकाळपासून विचारीत होते, मास्तर आले का म्हनून.”

मी आत गेलो आणि त्यांच्या उशाशी भिंतीला टेकून बसलो. पेपर काखेतच होता. पडलेल्या उमेदवाराचं म्हणणं शोधून काढायला थोडा वेळ लागला. मग त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात मी ते शेवटपर्यंत वाचलं.