ताम्हनातली एसएसडी

ताम्हनात अक्षतांवर बसून एसएसडी दुकानात आली. सबनीस स्कूटर चालवत होते, वहिनी मागे ताम्हन मांडीवर धरून. त्यांची मुलगी मंजिरी रिक्षाने आधीच येऊन बसली होती, डोळे सुजलेले.

दसऱ्याचा दिवस. बायको जाऊन वर्ष झालं नाही, घरात सण नाही, म्हणून माझं पिपलानीतलं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान उघडं होतं.

एसएसडी म्हणजे कम्प्युटर सगळं साठवतो ती जागा. च्युइंग गमच्या पट्टीएवढं कार्ड, त्यावर काळ्या चिप्स. ह्या कार्डात मंजिरीचा पीएचडीचा थीसिस होता, परवा जमा करायचा. मी बॅकअप विचारला. होता म्हणे. ह्याच कार्डात, दुसऱ्या फोल्डरमध्ये.

झालं असं. खंडेनवमीला आपल्यात हत्यारं, पुस्तकं पुजतात. सबनीस मंडीदीपच्या कारखान्यातून रिटायर झालेले इंजिनियर. ते म्हणाले, लॅपटॉपचा डबा काय पुजायचा, यंत्राचा जीव पुजू. लॅपटॉप उघडून कार्ड त्यांनीच काढलं. वहिनींनी त्याला पंचामृताची अंघोळ घातली. दूध, दही, तूप, मध, साखर. सकाळी त्यावर मुंग्या. मंजिरीने घाबरून ते पुसलं, लॅपटॉपमध्ये बसवलं, बटण दाबलं. संपलं.

वहिनींचं म्हणणं, उत्तरपूजेआधी हलवलं म्हणून गेलं. म्हणून परत ताम्हनात मांडून आणलं. उत्तरपूजा म्हणजे देवांना निरोप. तो संध्याकाळी. तोवर मी हात लावायचा नाही.

"वहिनी, देव थांबतील. दही थांबायचं नाही. ते कार्डातलं तांबं खातंय."

वहिनी रुसून स्टुलावर बसल्या. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम बायकोचं होतं. मला फक्त खरं बोलता येतं.

शेवटी सबनीस म्हणाले, "अगं, इथेच कर ना आत्ता. देव काय घड्याळ बघतात?"

मग माझ्या टेबलावर, सोल्डरिंग आयर्न आणि मीटरच्या मध्ये, उत्तरपूजा झाली. वहिनींनी अक्षता टाकल्या, "पुनरागमनाय च" म्हणाल्या. सगळ्यांनी हात जोडले, मीही. लेबलखालच्या मुंग्या हलल्या नाहीत.

मी धुवायला बाटली उघडली. वहिनींनी वास घेतला. "ही दारू?"

"अल्कोहोल. पिण्याचं नाही."

"मग चालेल. देव गेले आता."

कार्ड धुतलं, मुंग्या ब्रशने काढल्या. मीटरने शॉर्ट दाखवला, म्हणजे करंट चिप्सपर्यंत न जाता मध्येच आडवाटेने पळतो. आडवाट कुठे ते शोधायला कार्डावर अल्कोहोल सोडलं आणि बाहेरून अगदी थोडा करंट दिला. शॉर्टची जागा तापते, तिथलं आधी सुकतं. माझ्या डोळ्यांना ते आता दिसत नाही. मंजिरी वाकून बघत होती.

"काका, हा."

राईहून बारीक कपॅसिटर. काढून टाकला. त्याच्या जोडीला आणखी असतात, एकावाचून अडत नाही. कार्ड जोडलं. कम्प्युटरने ओळखलं. लगेच सगळं दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवायला घेतलं. सबनीस पडद्यावरून नजर काढीनात. वहिनी पडद्याकडे पाठ करून बसल्या, नजर लागेल म्हणून.

थीसिस पुरा आला. मंजिरी आईच्या गळ्यात पडली, मग बापावर ओरडली.

जाताना वहिनींनी विचारलं, नव्या ड्राइव्हला कुंकू लावलं तर चालेल का. मी म्हटलं, बाहेरच्या डब्याला लावा, आणि सुकं.

माणसाची दुसरी कॉपी निघत नाही. थीसिसची निघते. काढा, आणि शेजाऱ्याकडे ठेवा. शेजारी देवभक्त नसलेला बघा.