मतांतले खडे

"वर बघू नको. ओंजळ धर."

मुकादमाने तांब्या माझ्या डोक्याएवढा उंच धरला आणि धार सोडली. निम्मं पाणी कोपरावरून मातीत गेलं. पुन्हा ओंजळ पुढे केली तर म्हणाला, "बास. टँकरचं पाणी हाय, तुझ्या बापाच्या विहिरीचं न्हाई."

माझ्यामागची बाई देवणीकडच्या शेतकऱ्याची सून. तिने स्वतः रांजणात तांब्या बुडवला, पोटभर प्याली. दुष्काळाने तीही गाव सोडून आलेली, मीही. डाळमिलमध्ये आम्ही शेजारी बसून डाळीतले खडे वेचायचो. पण मी बौद्ध वस्तीतली. आम्हाला पाणी वरून.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कलेक्टर आले, पाट्या बदलल्या, पाणी काही आलं नाही. मिलच्या हौदात मात्र रोज टँकर रिकामा व्हायचा. सुट्टी झाली की मालक प्रत्येक बाईला एक घागर भरून न्यायला द्यायचा. त्या घागरीवर आमची घरं चालायची. म्हणून डाळीच्या धुळीने छाती भरली तरी कुणी तोंड उघडत नव्हतं.

मग शहरातला एक युनियनवाला आला. म्हणाला, "युनियन पाहिजे की नको, तुम्हीच ठरवा. पण मत गुप्त द्या. मालकाला कळलं तर घागर गेली."

शेवंतामावशी आमच्यात सगळ्यात जुनी. तिला ते पटेना. "झाकून व्हय म्हणायचं न् उघड्यावर मुंडी खाली घालायची? असलं मत काय चाटायचंय?"

दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी बाकीच्या बायांनीच मावशीला गप्प केलं.

लिहिता येणाऱ्या थोड्या. म्हणून ठरलं, युनियन पाहिजे तिने तुरीचा दाणा टाकायचा, नको तिने खडा. जेवणाच्या सुट्टीत मिलमागच्या लिंबाखाली मडकं ठेवलं. एकेक बाई पदराखाली मूठ झाकून गेली. मोजायला मावशीने मडकं सुपात ओतलं. आणि जन्माची सवय! बोटं आपोआप चालली. तिने खडे वेचले आणि भिरकावून दिले. मग लक्षात आलं तशी तिने जीभ चावली. आम्ही पोट धरून हसलो. खडे होते तरी किती, चिमूटभर. सुपात तूरच तूर.

भिंतीशी मुकादम उभा होता. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही आत गेलो आणि फाटकाला कुलूप पडलं. अंगणात टँकर उभा, पण नळी गुंडाळलेली. मालकाशेजारी काठ्या घेतलेली दोन अनोळखी माणसं. मालक कधी आवाज चढवायचा नाही. तेव्हाही नाही.

"नको म्हणणारींचे खडे फेकून देता व्हय? ह्याला मतदान म्हणत्यात? आता माझ्यासमोर करा. युनियन पाहिजे तिनं हात वर करावा."

सगळ्या टँकरकडे बघत राहिल्या. एक हात वर गेला नाही. मावशी पदराचं टोक पिळत होती. तिच्या घरी ओली बाळंतीण लेक होती. मला तिचा राग आला नाही. मालकाचा आला, असा की कानशिलं तापली.

मी हात वर केला.

"एकटीच?" मालक म्हणाला. मग अगदी हळू, "रेणापूरच्या रस्त्याला राहतीस न्हवं? आई दिवसभर घरी एकटीच असती."

काठीवाल्यांतल्या एकाने माझ्याकडे नीट बघून घेतलं. मी हात खाली घेतला नाही.

संध्याकाळी रिकामी घागर घेऊन निघाले. मागून एक मोटारसायकल सावकाश येत होती. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण चालता चालता एक गोष्ट पक्की कळली. ज्याच्या हातात आपल्या घरचं पाणी, त्याच्यासमोर जो हात वर जात नाही, तो 'नको' म्हणत नसतो. हे मतदान नव्हे, दमदाटी आहे. युनियनवाल्याचं बरोबर होतं. आणि मावशीचंही. मत झाकून द्यायचं, पण नंतर कुणीतरी उघड्यावर उभं राहायला पाहिजे.

मोटारसायकल आमच्या दारासमोर थांबली. तोच काठीवाला. आई बाहेर आली, माझ्या शेजारी उभी राहिली.

मी त्याला म्हणाले, "मालकाला सांग, मतदान पुन्हा हाय. झाकूनच हाय, न् त्याच्या अंगणात न्हाई. ह्या बारीला खडेसुद्धा मोजणार. मी मोजणार."