अंगठ्यातलं लोखंड

२०२४ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि माझ्या काळजात गाठ होती. डॉक्टर यकृत म्हणतात. शाळा माझी तिसरीपर्यंत, आम्ही मासे धरणारे ढिवर लोक काळीजच म्हणतो.

जुनी औषधं लागू पडेनात, तेव्हा नात मला नागपूरच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं नव्या औषधाची चाचणी होती. डॉक्टरीणबाईनं समजावलं, लोखंडाचे डोळ्याला न दिसणारे कण सुईनं रक्तात सोडायचे. गाठीला वाढ म्हणणारं जनुक गप्प करायचं औषध त्या कणांवरच बसवलेलं. आणि एमआरआयच्या फोटोत तेच कण काळे उमटणार, म्हणजे औषध गाठीत पोचलं की भलतीकडे गेलं ते कळणार. मला पटलं. बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, दाणा टाकला तर मासोळीनं खाल्ला की चिखलात गेला, आपल्याला कुठं दिसते? कागदावर सही केली.

मग नर्सनं विचारलं, "अंगात कुठं धातू?"

"नाही."

"आबाजी, अंगठ्यात मासोळीची गरी तुटली होती ना?" नात म्हणाली.

"ते कवाचीच रक्तात जिरली."

आमच्यात तसंच मानतात. गरीला उलटा काटा असते, ओढली तर मांस फाटते. म्हणून दांडी तोडून टोक आतच राहू द्यायचं, रक्त त्याला खाते. माझ्या अंगठ्यात गरी घुसली तेव्हा बापानंही तेच केलं. पण एक्सरेत चाळीस वर्षांचं टोक जसंच्या तसं निघालं.

"बाबा, मशीनचा चुंबक हे ओढेल," डॉक्टरीणबाई म्हणाली. "आणि फोटोशिवाय औषध देता येत नाही."

"तुमचं लोखंड चालते, माह्यं काहून चालत नाही?"

"आमचं रक्तात वाहून जातं. तुमचं टोकदार आहे, मांस कापेल. काढून या. पण चाचणीत जागा दोनच उरल्यात, धरून ठेवता येणार नाही."

परतीच्या बसमध्ये मी नातीवर चिडलो. "तुले कोनं विचारलं होतं?"

"मशीनमंधी अंगठा फाटला असता, मंग मलेच विचारलं असतं."

आमचं मोहाडी येईपर्यंत मी अंगठा दाबून टोक चाचपत होतो. खरा राग माझाच मला येत होता. दोन मिनिटांचं काम, चाळीस वर्षं शहाणपणात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहाडीच्या दवाखान्यात दार उघडायच्या आधी जाऊन बसलो. डॉक्टर आला तसा हात टेबलावर ठेवला आणि सांगितलं, "मांगं ओढू नका, उलटा काटा मांस फाडते. टोक पुढं ढकलून समोरून काढा."