कोपऱ्यातला चहाचा डबा

अपेक्षाची उंची चार फूट सात इंच, राग मात्र चांगला सहा फुटी. नागपूरच्या कॉलेजात वर्गातला ताडमाड शार्दूल तिचा जेवणाचा डबा कपाटावर ठेवायचा आणि म्हणायचा, "टिंगू, 'शार्दूलदादा, प्लीज' म्हण, मग देतो." तिने एकदाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती घडीचं स्टूलच घेऊन यायला लागली. त्याच स्टुलासकट ती पीएचडी करून जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या प्रयोगशाळेत पोहोचली. विसरली असेल म्हणता? छे!

यंदा शार्दूल नोकरीसाठी तिथेच येऊन थडकला. राहता पत्ता असल्याशिवाय जर्मनीत नावनोंदणी होत नाही, आणि खोली काही मिळेना. अपेक्षाच्या फ्लॅटमध्ये एक रिकामी होती, ती तिने लगेच दिली. केवढं मोठं मन, असं सगळे म्हणाले. त्यांनी फ्लॅट पाहिला नव्हता. अगदी वरचा मजला, दोन्हीकडून उतरतं छप्पर. तिथे ताठ मानेने चालावं ते अपेक्षानेच.

पहिल्याच सकाळी 'धप्प' झालं. मग स्वयंपाकघरात पुन्हा. चहाचा डबा होता छप्पर खाली टेकतं त्या कोपऱ्यात. शार्दूल रांगत गेला, पण खांदे अडकले. टेंगूळ चोळत तो म्हणाला, "अगं, तेवढा डबा काढून दे ना."

"आल्झो, तर मग," अपेक्षा स्टुलावर बसून चहा फुंकत म्हणाली, "कसं मागायचं ते तूच शिकवलंयस."

"...अपेक्षाताई, प्लीज."

"गेनाऊ! अगदी बरोबर! पण जरा मोठ्याने. इतक्या खालून ऐकू येत नाही रे."